उजव्या हाताविषयी जबाब

लिहून घ्या, साहेब.
नाव आलोइस प्रोहास्का, बॉयलर निरीक्षक, वर्ग तिसरा,
मुक्काम त्रिएस्त, साल अठराशे चौऱ्याऐंशी.
खालची सही डाव्या हाताची आहे,
उजव्यावर माझा भरवसा नाही.

कावाना गल्लीतल्या दुकानाची पाटी : छत्र्या दुरुस्त करून मिळतील.
बोरा वारा सुटला की या शहरात
माणसं रस्त्याकडेचे दोर धरून चालतात,
टोप्या समुद्रात जातात, छत्र्या व्हेनिसला.
धंदा बरा असणार, असं मी वहीत टिपलं.
मग तळघर. दोन पुरुष उंचीचा बॉयलर,
आणि दाबमापकाचा काटा लाल रेघेपलीकडे
घरजावयासारखा पाय पसरून बसलेला.

"बाई, हा दाब बेकायदा आहे."
नीवेस फुरलान वळली. तोंडात चार खिळे.
खिळ्यांमधून म्हणाली, "मग बघू नका."
मी बघितलं. काट्याकडे नव्हे.
"उजवीकडे सरका!"
कुणाच्या उजवीकडे, हे विचारायला मी हात वर केला.

इस्पितळात खात्याला तक्रार लिहायला घेतली.
डाव्या हाताने गिरवता गिरवता
तिचं प्रेमपत्र झालं.
अक्षर कोंबडीच्या पायाचं, हेतू शुद्ध.
शेवटी, रीतीप्रमाणे, मी तिचा हात मागितला.

आठव्या दिवशी खोका आला.
निळ्या मखमलीवर पितळेचा हात,
सतरा स्प्रिंगा, शिंपल्याची नखं,
आणि चिठ्ठी : "मागितलात, म्हणून पाठवला. माप तुमचंच आहे."

हात गुणी. कॉफी ढवळतो, बटणं लावतो,
ओळखीच्यांना टोपी काढून नमस्कार करतो.
फक्त मी झोपलो की तो जागा होतो.
सकाळी बोटांना कधी शाई, कधी वंगण,
एकदा तर बॅरन त्सीगलहोफरच्या तिजोरीतली मोत्यांची माळ.
(बॅरनच्या कोळसा वखारीतली अकरा पोरं
हल्ली शाळेत जातात. फी कुणी भरली, मला विचारू नका.)

मग बंदरात तीन युद्धनौकांचे बॉयलर फुटले.
माणूस एकही दगावला नाही,
एका आचाऱ्याची मिशी गेली, तीही अर्धी.
तिन्ही दाखल्यांवर माझी सही,
इतकी वळणदार की मला स्वतःला कधी जमली नव्हती.
चौकशीला खात्याने मलाच नेमलं.
खात्याचा त्यात हातखंडा आहे.

वॉरंट घेऊन निघालो त्या रात्री बोरा पिसाळला होता.
वाफेची ट्राम टेकडीवर अडकून शिट्ट्या मारत होती.
दोराच्या त्या टोकाकडून नीवेस येत होती,
काखेत छत्री. तिच्या टोकातून काय सुटतं
ते परिशिष्ट ब मध्ये पाहावं.

एकाने दोर सोडल्याशिवाय दुसऱ्याला वाट नाही.
"करा ना अटक," ती वाऱ्यावरून ओरडली, "टाका हात!"
मी उजवा टाकला.
पितळी बोटं तिच्या मनगटाभोवती मिटली
आणि तिथेच थांबली.
"किल्ली संपली," ती म्हणाली. "चाळीस दिवसांची भरून पाठवली होती."
किल्ली तिच्या गळ्यात.
तिचा एक हात माझ्यात अडकलेला, एक दोरावर,
माझा उरलेला एकुलता, तोही दोरावर.
कुणीतरी सोडायला हवा होता.
साहेब, मी सोडला.
वॉरंट तेवढं उडालं. व्हेनिसला छत्र्यांमध्ये शोधा.

आता ती एका दिवसापुरतीच किल्ली देते.
रोज सकाळी मी जातो, ती कॉफी ठेवते,
बाही वर सारते, खिळे तोंडातून काढून बशीत ठेवते.
दुसरी किल्ली मी दुसऱ्याच आठवड्यात पाडून घेतली,
मेणावर ठसा उमटवून. ती माझ्या बुटात आहे.
नीवेसला याचा पत्ता नाही.
पाडून देणारा म्हातारा तिचा मामा निघाला,
म्हणजे पत्ता आहे.

बारा फेरे लागतात. ती मोठ्याने मोजते.
एखाद्या दिवशी अकरावरच थांबते,
कॉफी उतू चाललीय म्हणते.
कॉफी तर कधीच खाली उतरवलेली असते.
मग काय, संध्याकाळी पुन्हा जावं लागतं.